सॉल्टर्स हिलचा नाताळ, १८३१

१८३१ साली नाताळ रविवारी आला. जमैकातल्या उसाच्या मळ्यांवरील गुलामांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. नाताळची सुटी ही त्यांची वर्षातली सर्वांत मोठी सुटी, आणि रविवार तर एरवीही मोकळाच. मग बुडालेल्या दिवसाबद्दल आणखी एक दिवस मिळणार की नाही, यावरून मळेवाले आणि गुलाम यांच्यात तंटा उभा राहिला. नाताळ उलटला की गाळपाचा हंगाम सुरू होई. त्या दिवसांत हात थांबले, तर उभा ऊस वाया जाणार, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते.

माँटेगो बे बंदराच्या मागे, सेंट जेम्स परगण्यातल्या डोंगराळ भागात सॉल्टर्स हिल येथे बॅप्टिस्ट मंडळीने नवे प्रार्थनामंदिर बांधले होते. त्याचा अर्पणविधी मंगळवारी, २७ डिसेंबरला झाला. विल्यम निब हा पाद्री तिथे बोलला. त्याच दिवशी संध्याकाळी केन्सिंग्टनचा मळा पेटला आणि पाठोपाठ डोंगरामागून डोंगर उजळत गेले; गुलामांचे बंड सुरू झाले होते. एकाच तारखेच्या या दोन घटनांमध्ये मंडळीच्या मनात काय चालले होते? मला सतावणारा प्रश्न हा आहे.

पहिला साक्षीदार खुद्द निब. १८३२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली, आणि त्याचे म्हणणे जॉन हॉवर्ड हिंटनने लिहिलेल्या चरित्रातही (१८४७) येते. राजाने तुम्हाला मुक्त केले ही अफवा खोटी आहे, कामावर परत जा, असे त्याने कळवळून सांगितले. या साक्षीत त्याचा स्वार्थ उघड आहे, कारण बंडाला चिथावणी दिल्याचा आरोप त्याच्यावर झाला होता. तरीही मी ती ग्राह्य धरतो. मिशनरी लिखाणातच असेही नोंदले आहे की हे ऐकून जमलेले लोक नाराज झाले. आपल्याच कळपाने आपले ऐकले नाही, ही कबुली पाद्र्याच्या लौकिकाला भर घालणारी नाही. अशी गोष्ट कोणी मुद्दाम रचत नाही.

दुसरा पुरावा विरुद्ध पक्षाचा. जमैकाच्या विधानसभेने बंडाच्या कारणांचा अहवाल तयार केला आणि त्याला कैद्यांचे कबुलीजबाब जोडले. ते तुरुंगात, फाशीच्या छायेत, गोऱ्यांच्या लेखणीने उतरवलेले आहेत. त्यांतले प्रत्येक वाक्य सावधपणे वाचावे लागते. विधानसभेला पाद्री दोषी ठरवायचे होते. पण जबाबांमधून पुन्हापुन्हा पुढे येतो तो सॅम्युएल शार्प. हा माँटेगो बेच्या मंडळीतला डीकन, स्वतः गुलाम, पण वाचता येणारा. लिहून घेणाऱ्याच्या सोयीचे नसलेले हे नाव जबाबांत टिकले, म्हणून ते विश्वसनीय.

तिसरा, हेन्री ब्लेबी. हा मेथडिस्ट पाद्री शार्पला तुरुंगात भेटला; त्याचे पुस्तक मात्र १८५३चे, म्हणजे दोन दशकांनंतरचे. रिट्रीव्ह मळ्यावर प्रार्थनासभा आटोपल्यावर काही विश्वासू माणसे मागे थांबली, शार्प हलक्या आवाजात बोलला आणि बायबलवर शपथा घेतल्या गेल्या, हा तपशील ब्लेबीकडे हजर असलेल्या माणसाच्या तोंडून आला आहे. शार्पचे म्हणून जे शब्द आपण वाचतो, ते सगळे असेच दुसऱ्याच्या लेखणीतून आलेले. आशय मानावा, शब्दांवर भार देऊ नये.

ब्लेबी म्हणतो, बेत शांततेचा होता: सुटीनंतर मजुरीशिवाय काम करायचे नाही, एवढाच. हे पूर्णपणे पटत नाही. २९ डिसेंबरला माँटपीलिअर येथे बंडखोरांच्या ‘ब्लॅक रेजिमेंट’ने कर्नल ग्रिग्नॉनच्या मिलिशियाशी लढाई दिली, हे निश्चित आहे. दोन दिवसांत अशी तुकडी उभी राहत नाही. माझा अंदाज असा की संपाच्या मागे बळाची तयारीही ठेवली होती. ती शार्पच्या संमतीने होती का, हे मात्र कागदांवरून ठरत नाही.

आणि या बेताची वार्ता मळ्यामळ्यांत पोचली कशी? पाद्री मूठभर, मंडळी दूरवर विखुरलेली. म्हणून दर मळ्यावर गुलामांमधलाच एक पुढारी प्रार्थना चालवी आणि सभासदांना तिकिटे मिळत. पाद्र्याच्या गैरहजेरीतही चालणारी ही व्यवस्था होती. शिवाय माँटेगो बेचा पाद्री थॉमस बर्चेल मे महिन्यात इंग्लंडला गेला होता. तो नाताळला मुक्तीचा कागद घेऊन परतणार, अशी आशा पसरली होती. त्याचे जहाज बंदराला लागले ७ जानेवारी १८३२ला, आणि स्वागताऐवजी त्याच्या वाट्याला अटक आली.

तोवर बंडात सुमारे ६०,००० गुलाम उतरले होते. गोरे मेले १४. लढाईत दोनशेहून अधिक गुलाम मारले गेले आणि नंतर तीनशेहून अधिकांना मृत्युदंड झाला. सॉल्टर्स हिलचे नवे प्रार्थनामंदिर मिलिशियाने जाळले. फेब्रुवारीत फाल्मथ आणि माँटेगो बेची प्रार्थनामंदिरे गोऱ्या जमावाने पाडली. निबवरचा खटला पुढे चालला नाही. बर्चेलविरुद्धच्या साक्षीदाराने पैशाच्या आमिषाने खोटे बोलल्याचे कबूल केले. शार्पला २३ मे १८३२ला माँटेगो बेमध्ये फाशी झाली. त्याच्या मालकाला भरपाई म्हणून १६ पौंड १० शिलिंग मिळाले.

मुक्तीचा कायदा २८ ऑगस्ट १८३३ला मंजूर झाला. विधानसभेने बंडाचा ठपका पाद्र्यांवर ठेवला होता. कागद तसे सांगत नाहीत. बेत पाद्र्यांचा नव्हता, तो मंडळीचा होता, आणि मंडळीने तो पाद्र्यांपासूनही लपवून ठेवला होता.