अपरात्रीच्या थापेपासून आधारपर्यंत

मोबाईल, ॲप आणि आधारच्या काळात खासगीपणाचा हक्क मागणं म्हणजे सुखवस्तू माणसांचे चोचले, असं सर्रास म्हटलं जातं. या हक्काची भारतातली कुळी पाहिली तर हा आक्षेप टिकत नाही. ती संगणकापासून सुरू होत नाही. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातल्या दारापाशी सुरू होते. खरक सिंगवर १९४१ मध्ये दरोड्याचा संशय आला आणि पुराव्याअभावी तो सुटला. तरी पोलिसांनी त्याची ‘हिस्ट्री शीट’ उघडलीच. गावचा चौकीदार, कधी शिपाई, अपरात्री दार ठोठावत, हाका मारत, झोपेतून उठवून त्याला ठाण्यावर हजेरीला नेत. गाव सोडायचं तर आधी वर्दी द्यायची. आज फोन आपल्या हालचालींची जी नोंद ठेवतो, ती तेव्हा एका खेड्यात वहीत होत होती. त्याने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९६२ मध्ये बहुमताने रात्रीच्या भेटी रद्द केल्या, पण खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असंही लिहून ठेवलं. न्या. सुब्बा राव यांना ते मान्य नव्हतं. खासगीपणा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं त्यांनी अल्पमतात नोंदवलं.

बहुमताचं ते वाक्य पुढे सरकारच्या कामी आलं. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ८६व्या वर्षी, २०१२ मध्ये, आधारला आव्हान दिलं. २०१५ मध्ये सरकारने खरक सिंग निकालाकडे बोट दाखवलं: असा मूलभूत हक्कच नाही. प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने हा हक्क मान्य केला.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. पहिले आधार क्रमांक २०१० मध्ये नंदुरबारमधल्या टेंभलीच्या आदिवासींना दिले गेले. ओळखपत्र नसलेल्या माणसाला रेशन मिळावं, यात वावगं काय? काहीच नाही. पण कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला जुळला नाही, तर रेशन अडतं ते त्याच माणसाचं. म्हणून तर अरुणा रॉय, बेझवाडा विल्सन यांच्यासारखी, मजूर आणि सफाई कामगारांसाठी हयात घालवलेली माणसं या खटल्यात उतरली. २०१८ च्या निकालाने सरकारी योजनांसाठी आधार कायम ठेवलं आणि खासगी कंपन्यांचा त्यावरचा हक्क काढून घेतला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला, तोही अल्पमतात.