आरोग्याचं ॲप आणि १९२७ चं मासिक

आरोग्य मासिकाचं ॲप काढायचं म्हणतात आमच्या आसेगावची पोरं. मंडळी, त्याआधी र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' आठवा. मुंबईत जुलै १९२७ ला सुरू केलेलं हे मासिक त्यांनी १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य... घरात तोंडातून निघणार नाहीत असे प्रश्न वाचक पत्रानं विचारायचे, कर्वे उत्तरं सरळ छापायचे. १९३४ साली त्याच उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, दंड झाला, मासिक थांबलं नाही.

डाएटच्या टिपा कुठंही मिळतात हो. ॲपमध्ये आधी नाव-नंबर न मागता प्रश्न विचारायची सोय करा. आपल्याकडे एकच मोबाईल घरात चौघं हाताळतात. विचारलेलं मागं स्क्रीनवर राहू नये, तेवढं बघा.