मज्जातंतूतील वीज आणि एक विसरलेला निबंध

विस्तवाचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. तेवढ्या निमिषात बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत एक निरोप जाऊन पोचलेला असतो आणि तेथून दुसरा निरोप दंडाच्या स्नायूकडे निघालेलाही असतो. हा निरोप विजेचा, हे आता शाळेतील मुलेही सांगतात. परंतु ही वीज येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. आणि आमच्या मते त्यांतील अखेरची पन्नास वर्षे निदान निम्मी तरी वाचविता आली असती. आज त्या पन्नास वर्षांचीच हकीगत मुख्यतः सांगावयाची आहे.

आरंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ साली जाहीर केले की, मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो तो प्राण्याच्या अंगच्या विजेमुळे. पाव्हियाचा व्होल्टा म्हणाला, वीज प्राण्याची नव्हे, त्याला लावलेल्या दोन धातूंची. या वादातूनच व्होल्टाने १८०० साली आपली प्रसिद्ध विद्युत्‌घटमाला रचली. गॅल्व्हानी त्याआधी दोन वर्षे वारला होता. जगाने व्होल्टाच्या गळ्यात माळ घातली. पण गॅल्व्हानीने धातूला मुळीच न शिवता पाय हलवून दाखविला होता, ही गोष्ट बाजूस पडली. पुढे १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतील निरोपाचा वेग मोजला. तो भरला सेकंदास सुमारे तीस मीटर. तारेतील विजेच्या मानाने ही चाल गोगलगाईची! म्हणजे मज्जातंतू ही साधी तार नव्हे, एवढे तेव्हाच उघड झाले.

आता १९०२ सालाकडे येऊ. त्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकाच्या ९२ व्या खंडात दोन निबंध छापले गेले. एक हालेच्या बर्नस्टाइनचा. पेशीच्या आत पोटॅशियम फार, बाहेर थोडे. पेशीचे पातळ पटल फक्त पोटॅशियमला वाट देते. त्याचे धनभारित कण बाहेर झिरपू पाहतात, म्हणून आतली बाजू ऋण होते. हा झाला विश्रांतीचा हिशेब, आणि तो बव्हंशी बरोबर होता. निरोप जाताना काय होते? बर्नस्टाइन म्हणाला, पटल क्षणभर सर्वच कणांना मोकळे होते आणि आतबाहेरचा फरक मिटून शून्यावर येतो.

दुसरा निबंध ओव्हर्टनचा. हा इंग्लंडात जन्मलेला गृहस्थ तेव्हा व्यूर्त्सबुर्ग येथे होता. त्याने बेडकाचा स्नायू साखरेच्या पाण्यात ठेवला. स्नायू मेला नाही, पण विजेचा धक्का दिला तरी हलेना. पाण्यात थोडे साधे मीठ घातले, की पुन्हा ठणठणीत! पोटॅशियमच्या क्षारांनी ते काम होईना. यावरून ओव्हर्टनने लिहिले की, उत्तेजनाच्या क्षणी बाहेरचे सोडियम आत आणि आतले पोटॅशियम बाहेर, अशी अदलाबदल होत असावी. पण लगेच त्याने स्वतःच आक्षेप काढला. माणसाचे हृदय सत्तर वर्षांत सुमारे २४० कोटी ठोके देते. प्रत्येक ठोक्याला अशी अदलाबदल होत असेल, तर म्हाताऱ्याच्या हृदयात पोटॅशियम उरते कसे?

एकाच खंडाच्या दोन टोकांना उत्तराचे दोन अर्धे भाग छापून पडले होते, आणि ते कोणी जोडले नाहीत. बर्नस्टाइनचा सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत गेला. ओव्हर्टनचा निबंध कपाटात राहिला. दोष सर्वस्वी आळसाचा म्हणता येणार नाही. ओव्हर्टनचे प्रयोग स्नायूवरचे होते. मज्जातंतूभोवतीच्या वेष्टनामुळे आतले मीठ सहज धुऊन निघत नाही, त्यामुळे तेथे हा प्रयोग स्पष्ट होत नसे. शिवाय तंतू इतका बारीक, की त्याच्या आतला विद्युद्दाब मोजणार कसा?

ही अडचण सोडविली एका समुद्रजीवाने. आपल्या कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याच्या जातीच्या प्राण्यात अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे मज्जातंतू असतात, हे यंग या प्राणिशास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्सली या दोघा तरुणांनी अशा तंतूच्या आत बारीक विद्युदग्र सरकविले. निरोप जाताना आतली बाजू शून्यावर थांबली नाही. शून्य ओलांडून सुमारे ४० मिलिव्होल्ट धन झाली. बर्नस्टाइनचा हिशेब येथेच मोडला. पण लवकरच युद्ध पेटले आणि दोघेही युद्धकार्यात गुंतले. १९४५ च्या सविस्तर निबंधात त्यांनी या आकड्याची जी कारणे सुचविली, त्यांत सोडियमचे नाव नव्हते. ओव्हर्टन अजून कपाटातच होता!

अखेर हॉजकिन आणि कॅट्झ यांनी माकुलाच्या तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातील मीठ कमी करून त्या जागी साखर घातली. निरोपाची उंची उतरली. मीठ वाढविले, ती चढली. हा निबंध १९४९ चा. प्रयोगाचा गाभा मात्र १९०२ चाच म्हणावयाचा. बाहेर सोडियम आतल्यापेक्षा सुमारे नऊपट, आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे वीसपट. पटलावरील विद्युद्दाब थोडा ढळला की आधी सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसते आणि दाब आणखी ढळतो. मग ती दारे मिटतात आणि पोटॅशियम बाहेर पडून घडी पूर्ववत बसते. एका जागेची ही घडामोड शेजारची दारे उघडते, तिची पुढची. हेल्महोल्ट्झला दिसलेला तो संथ वेग या दारांच्या उघडझापेचा होता.

१९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी हे सारे समीकरणांत बसविले. केंब्रिजचे संगणकयंत्र तेव्हा बंद होते, म्हणून हक्सलीने दांडा फिरवावयाच्या यंत्रावर आकडेमोड केली. गणिताने वेग आला सेकंदास १८.८ मीटर; प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२. दारे कोणी पाहिलेली नसताना इतके जवळ जाणे, हे आम्हांस या साऱ्या कथेतील सर्वांत धाडसाचे काम वाटते. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना एकल्स यांच्याबरोबर मिळाले. एकेका दारातून जाणारा प्रवाह नेहर आणि झाकमान यांनी १९७६ साली टिपला.

राहिला ओव्हर्टनचा आक्षेप. १९५७ साली डेन्मार्कच्या स्कौ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूत एक विकर वर्णिले. शरीरातील इंधन खर्चून ते तीन सोडियम बाहेर फेकते आणि दोन पोटॅशियम आत ओढते, अहोरात्र. म्हाताऱ्याच्या हृदयात पोटॅशियम उरते ते असे. ओव्हर्टन १९३३ सालीच वारला होता.