थंडी आणि गियरपेटींतील तेल

पौष महिन्यांत पहाटे खोबरेलाची बाटली उपडी केली, तर तींतून थेंबही पडत नाहीं, हा आपल्या सर्वांच्या घरचा अनुभव आहे. बाटली चुलीजवळ न्यावी लागते, नाहीं तर उन्हाची वाट पाहावी लागते. बाटलींतील तेलानें असा असहकार केला तर केस कोरडे राहतात, एवढेंच. परंतु मोटारीच्या गियरपेटींतील तेल थिजलें म्हणजे काय होतें, तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या हिंवाळ्यांत लेहहून पत्रानें कळविलें. “गुरुजी, सकाळीं इंजिन कसेंबसें चालूं होतें, पण पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गियर पडतच नाहीं. जोर केला तर दांते किंचाळतात.” वर जाण्यापूर्वीं त्यानें आपल्या गांवीं, घाटाखालीं, गियरपेटींतील तेल बदलून घेतलें होतें. दुकानदारानें त्यास सांगितलें कीं, जाड तेल घाला, गियर जन्मभर टिकतील. डब्यावर ‘८५ डब्ल्यू-१४०, जीएल-५’ असें छापलेलें होतें. त्या चार-पांच अक्षरांत व आंकड्यांत शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास सांठलेला आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

१८९१ सालीं फ्रान्समध्यें पानार्द आणि लव्हासोर यांच्या कारखान्यांत एमिल लव्हासोर यांनीं जी मोटार सिद्ध केली, तींत इंजिन पुढें, त्यामागें क्लच आणि त्यामागें सरकत्या दंतचक्रांची गियरपेटी अशी मांडणी होती. पुढें जगभर तीच रूढ झाली. फिरत्या चाकावर दुसरें फिरतें चाक सरकवून भिडवावयाचें, असा तो उघड दांडगाईचा प्रकार होता. दोहोंचे वेग जुळविण्याचें काम चालकाच्या कानांकडे आणि पायांकडे असे; क्लच दोनदां दाबून, मध्यें इंजिनास किंचित् वेग देऊन, गियर टाकावा लागे. अशा पेटींतील तेलाकडून एकच अपेक्षा होती: दांत्यांना चिकटून राहावें. त्यामुळें जितकें दाट तितकें उत्तम, हा समज त्या काळांत मुळींच चुकीचा नव्हता. फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या गियरपेटींत ‘६०० डब्ल्यू’ या नांवाचें जें तेल घालीत, तें मूळचें वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरसाठीं केलेलें होतें. (त्या नांवांतील डब्ल्यूचा हिंवाळ्याशीं कांहीं संबंध नव्हता, आजच्या डब्ल्यूचा आहे. हा घोटाळा अजून पुष्कळांच्या मनांत आहे.)

१९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत अर्ल थॉम्प्सन यांची ‘सिंक्रोमेश’ योजना आली आणि तेलाकडून असलेली अपेक्षा बदलली. ही योजना समजण्यासाठीं क्षणभर डोळे मिटावे. दोन चाकें निरनिराळ्या वेगांनीं फिरत आहेत. एकदम जोडलीं तर दांते आपटणार. थॉम्प्सन यांनीं त्यांच्यामध्यें शंकूच्या आकाराचा एक मध्यस्थ घातला. दांडा ढकलला कीं प्रथम शंकू एकमेकांवर घासतात, घर्षणानें वेग सारखे होतात, आणि मगच दांते एकमेकांत शिरतात. पुढील सुधारलेल्या रचनेंत हा मध्यस्थ म्हणजे बहुधा पितळेची एक कडी झाली. वेग जुळेपर्यंत ती दांड्याची वाटच अडवून धरते.

आतां घर्षण हवें, तर दोन पृष्ठभागांमधील तेल क्षणभर बाजूस सरावयास हवें. त्यासाठीं कडीच्या आंतल्या अंगास बारीक खांचा पाडलेल्या असतात. ऊबदार तेल त्यांतून निमिषांत निसटतें. थिजलेलें तेल निसटत नाहीं. कडी त्यावरून नुसती घसरत राहते, वेग जुळत नाहींत, आणि दांडा जागचा हलत नाहीं. शिवाय खालच्या गियरमध्यें उतरतांना क्लचशीं जोडलेल्या चाकांचा वेग कडीला वाढवावा लागतो, आणि तीं चाकें तर काकवींत बुडालेलीं! माझ्या विद्यार्थ्याचा दुसरा गियर अडत होता तो यामुळें. जें तेल दांत्यांना चिकटून राहावें, त्याच तेलानें कडीवरून पळून जावें, अशी ही दुहेरी मागणी आहे.

थॉम्प्सन यांच्याविषयीं एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. दांडा सुखानें हलावा म्हणून झटलेल्या या गृहस्थांनींच पुढें ‘हायड्रामॅटिक’ या स्वयंचलित पेटीच्या कामाचें नेतृत्व केलें, आणि गियर बदलण्याची कटकटच चालकाकडून काढून घेतली.

याच सुमारास दुसरीकडे एक निराळी गरज उत्पन्न झाली होती. १९२६ सालीं पॅकार्ड कंपनीनें मागच्या आंसावर ‘हायपॉइड’ नांवाचीं दंतचक्रें बसविलीं. त्यांचे दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, मोठ्या दाबाखालीं घसरतात. साध्या तेलाचा थर तेथें तुटतो. यास्तव तेलांत गंधकाचीं, आणि पुढें फॉस्फरसचीं संयुगें मिसळूं लागले. तीं लोखंडावर एक संरक्षक लेप चढवितात. पण गंधक पितळेचा मित्र नव्हे. उष्णता वाढली कीं तो त्यास खातो. जीएल-४ आणि जीएल-५ हा भेद येथें आहे. जीएल-५ मध्यें हीं द्रव्यें अधिक, कारण तें मागच्या आंसासाठीं. जीएल-४ मध्यें बेताचीं, कारण तें मुख्यतः गियरपेटीसाठीं. आज पुष्कळ जीएल-५ तेलांत पितळेस जपणारीं द्रव्येंही घालतात. तरीसुद्धां कडीला जें घर्षण हवें, तें अशा तेलांत मिळेलच असें नाहीं. ‘पांच हा चारापेक्षां मोठा, म्हणून चांगला’ हा हिशेब शाळेंत बरोबर आहे, दुकानांत नाहीं.

राहिला थंडीचा प्रश्न. तेल तापलें कीं पातळ व गारठलें कीं दाट होतें, पण सर्व तेलें सारखीं बदलत नाहींत. १९२९ सालीं डीन आणि डेव्हिस या दोघां अमेरिकनांनीं यासाठीं एक मोजपट्टी काढली. पेन्सिल्व्हेनियाचें तेल सर्वांत कमी बदलणारें म्हणून त्यास १०० गुण, आणि आखाती किनाऱ्याच्या तेलास शून्य! परीक्षकाच्या या पद्धतीचें मला शिक्षक या नात्यानें कौतुक वाटतें, विशेषतः पुढें कृत्रिम तेलांनीं शंभरांपैकीं शंभराहूनही अधिक गुण मिळविले म्हणून. खनिज तेलांत मेण असतें. थंडींत त्याचे स्फटिक होऊन तेल थिजतें. कृत्रिम तेलांत हें मेणच नसतें.

थिजलेल्या तेलाची किंमत १९४१ च्या डिसेंबरांत मॉस्कोसमोर सर्वांस दिसली. पारा उणे तीस अंशांखालीं गेला, तेव्हां जर्मन गाड्यांच्या पोटाखालीं विस्तव पेटवावे लागले आणि इंजिनें रात्रीं अधूनमधून चालवावीं लागलीं. इंजिनच्या तेलांत पेट्रोल मिसळून तें पातळ करण्याची युक्ति त्या युद्धांत पुष्कळ वापरली गेली. इंजिन तापलें कीं पेट्रोल उडून जातें. गियरपेटी तितकी तापत नाहीं, तेथें ही युक्ति उपयोगी नाहीं.

आज अमेरिकेंतील एस. ए. ई. या संस्थेच्या नियमाप्रमाणें ज्या उष्णतामानास तेलाचा दाटपणा दीड लाख सेंटीपॉईजपर्यंत, म्हणजे पाण्याच्या सुमारें दीड लाख पट चढतो, त्यावरून डब्ल्यूचा आंकडा ठरतो. ८५ डब्ल्यूची मर्यादा उणे १२ अंश, ८० डब्ल्यूची उणे २६, ७५ डब्ल्यूची उणे ४०. आतां मुद्द्याची गोष्ट अशी कीं, हा दीड लाखांचा आंकडा गियर सुखानें पडावा म्हणून निवडलेला नाहीं. मागच्या आंसाच्या एका रचनेवर प्रयोग केले असतां, याहून दाट तेल असल्यास तेथील बेअरिंग निकामी होऊं शकतें असें आढळलें, म्हणून तो घेतला. अर्थात् मर्यादेच्या आंत असणें म्हणजे यंत्र मोडणार नाहीं, इतकेंच. दांडा त्यापूर्वींच जड झालेला असतो. म्हणूनच थंड मुलखांत केवळ मर्यादा पाहून भागत नाहीं. गाडीच्या पुस्तकांत परवानगी असेल तितकें पातळ तेल घ्यावें लागतें. कित्येक कारखानदारांनीं तर स्वयंचलित पेटीचें पातळ तेलच साध्या गियरपेटीस नेमून दिलें, आणि १९५९ च्या मिनी गाडींत इंजिन व गियर एकाच तेलांत नांदत असत. तेलाच्या आंकड्यांना मात्र भिऊं नये: गियरतेलाचें ९० हें शंभर अंशांस इंजिनतेलाच्या ४० किंवा ५० एवढेंच दाट असतें, मोजपट्ट्या निराळ्या आहेत.

लेहच्या रात्रीं उणे १२ च्या पुष्कळ खालीं जातात. मीं विद्यार्थ्यास लिहिलें कीं, दुकानदार काय म्हणाला तें विसर आणि गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक उघड. त्यांत ७५ डब्ल्यू-८०, जीएल-४ असें स्वच्छ छापलेलें निघालें. गाडी चालवून पेटी ऊबदार असतांनाच जुनें तेल काढावें, म्हणजे तें पुरतें निथळतें. आणि पहाटे इंजिन सुरू करतांना क्लच दाबून धरावा, म्हणजे स्टार्टरला पेटींतील गार तेल घुसळावें लागत नाहीं, हेंही कळविलें.

पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. दुसरा गियर आतां फाटकाबाहेर पडतांच बसतो. जुनें तेल मात्र त्यानें उन्हांत धरून पाहिलें, तर त्यांत पिंवळी चमचम होती. कडीचा किती भाग त्या तेलाबरोबर गेला, हें तो उन्हाळ्यांत खालीं येऊन पेटी उघडील तेव्हां कळेल.