नहाणीघराची गळती टाइल्सखालीच रोखा

खालच्या घराच्या छतावर ओल दिसू लागली, की वरच्या नहाणीघरातील टाइल्सचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले जातात. पुढे ओल पुन्हा डोके वर काढते. याचे कारण साधे आहे. टाइल्सचे सांधे पूर्णतः जलरोधक नसतात. त्यांतून थोडे पाणी झिरपतेच. हे पाणी स्लॅबपर्यंत पोहोचू न देणे हे टाइल्सखालील जलरोधक थराचे काम, तर ते नहाणी ट्रॅपपर्यंत नेणे हे उताराचे काम असते.

उतार कोठे द्यावा?

केवळ वरच्या टाइल्सना उतार देणे पुरेसे नसते. खालचा जलरोधक थर सपाट राहिल्यास झिरपलेले पाणी तेथेच साचते. कुबट वास येतो आणि कालांतराने टाइल्स सुटू लागतात. त्यामुळे जलरोधक थराखालच्या कोब्यालाच ट्रॅपच्या दिशेने उतार द्यावा. शॉवरखाली तो दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर असावा. ट्रॅप दीड मीटर अंतरावर असल्यास टोकाची पातळी ट्रॅपपेक्षा ३ सेंटिमीटर उंच हवी. चारही बाजूंनी उतार असल्यास लहान टाइल्स सोयीच्या ठरतात. मोठ्या टाइल्स हव्या असल्यास ट्रॅप भिंतीलगत घेऊन एकाच दिशेने उतार काढावा.

कामाचा क्रम

प्रथम पाइप व ट्रॅप पक्के बसवून त्यांच्याभोवतीच्या फटी न आकसणाऱ्या मसाल्याने भराव्यात. नंतर उताराचा कोबा घालावा. भिंत व जमीन यांच्या सांध्यात काटकोन न ठेवता गोलाई, म्हणजेच गवंड्यांच्या भाषेत 'वाटा' काढावा. त्यावर पॉलिमरयुक्त सिमेंटचे दोन हात आडवे-उभे द्यावेत. पहिला सुकल्यावरच दुसरा द्यावा. हा थर भिंतीवर किमान ३० सेंटिमीटर, शॉवरच्या भिंतीवर सुमारे १.८ मीटर चढवावा व ट्रॅपच्या तोंडात उतरवावा. स्लॅब खोलगट असल्यास भराव घालण्यापूर्वी मूळ स्लॅबवरही असाच थर आवश्यक असतो.

चाचणीशिवाय टाइल्स नकोत

थर पूर्ण पक्का झाल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि ४८ तासांनी खालच्या घराचे छत तपासावे. ओल आढळल्यास दुरुस्ती करून चाचणी पुन्हा घ्यावी. चाचणीनंतर नळजोडणीसाठी त्या थराला छिद्र पाडू देऊ नये.

राज्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, शौचालय, सिंक आदींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावयाची असते. टाइल्स बसल्यानंतर दोष आढळला, तर त्या फोडण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही. चाचणीचे दोन दिवस वाचवणे म्हणूनच महागात पडते.