सार्वजनिक सायकलींच्या माहितीची कुळकथा

ॲम्स्टरडॅममध्ये १९६५ साली प्रोव्हो या बंडखोर तरुणांच्या गटाने रस्त्यावर ठेवलेल्या पांढऱ्या सायकलींना कुलूप नव्हते, भाडे नव्हते आणि त्यामुळे माहितीचा प्रश्नही नव्हता. सायकल दिसली तर घ्यावी, नाही तर चालत जावे, इतकाच तो व्यवहार होता. माहितीची गरज निर्माण झाली ती सायकल ठरावीक ठाण्यावर अडकवली जाऊ लागली तेव्हा. ल्योंमध्ये २००५ साली आणि पॅरिसमध्ये २००७ साली अशा मोठ्या योजना सुरू झाल्यावर दोन अडचणी रोजच्या झाल्या: निघताना ठाणे रिकामे असणे आणि पोचल्यावर तिथले ठाणे काठोकाठ भरलेले असणे.

प्रत्येक ठाण्यावर किती सायकली आहेत, हे चालक संस्थेच्या संगणकाला ठाऊक असे आणि संकेतस्थळावरच्या नकाशात ते दिसतही असे, परंतु बाहेरच्या अभ्यासकाला ते पानातून खरवडून काढावे लागे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ऑलिव्हर ओब्रायन यांनी २०१० पासून अनेक शहरांच्या सायकलींचा एकत्रित नकाशा चालवला. अशा कामात शहरागणिक मांडणी वेगळी असल्याने आज्ञावलीही वेगळी लिहावी लागे आणि पानाची रचना बदलली की ती कोलमडे.

यावरचा तोडगा बसगाड्यांच्या वेळापत्रकांत आधीच सापडला होता. पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी २००५ साली वेळापत्रकांसाठी घडवलेला समान नमुना पुढे जीटीएफएस या नावाने जगभर रुळला. त्याच धर्तीवर मिनेसोटातील नाइस राइड या योजनेचे मिच व्हार्स यांच्या पुढाकाराने २०१४ पासून सायकलींसाठी जीबीएफएस हा नमुना आकारास आला आणि २०१५ साली उत्तर अमेरिकेतील सायकल योजनांच्या संघटनेने तो स्वीकारला.

या नमुन्यात एक मूळ फाइल इतर फाइलींचे पत्ते देते. ठाण्याचे नाव व अक्षांश-रेखांश एका फाइलीत असतात, तर उपलब्ध सायकली आणि मोकळ्या जागा दुसरीत. शिवाय ‘टीटीएल’ हा आकडा माहिती किती सेकंदांनी पुन्हा मागवावी ते सांगतो. मांडणी सर्वत्र सारखी असल्यामुळेच एका फंक्शनने, म्हणजे नाव घेताच ठरलेले काम करणाऱ्या आज्ञासमूहाने, अनेक शहरांचे काम भागू लागले. आर या संख्याशास्त्रीय भाषेतील जीबीएफएस याच नावाच्या पॅकेजमधील फंक्शनला शहर सांगितले की ते मूळ फाइल वाचते, तिच्यातले पत्ते गाठते आणि हाती आलेला मजकूर ओळी-स्तंभांच्या तक्त्यात बसवते.

मात्र जीबीएफएस हा नमुना केवळ चालू क्षणासाठी आहे. कालची स्थिती तो सांगत नाही. म्हणूनच या फंक्शनची खरी करामत माहिती आणण्यापेक्षा ती साठवण्यात आहे, कारण साठवणीसाठी तीच फाइल पुन्हा दिल्यास नव्या ओळी जुन्यांखाली जोडल्या जातात आणि ठाण्याचा दिवसभराचा चढउतार हळूहळू हाती येतो. हीच सोय घातकही ठरू शकत होती: ठाण्याविना कुठेही सोडता येणाऱ्या सायकलीचा क्रमांक कायम राहिला, तर साठवलेल्या ओळींवरून ती कोठून उचलली आणि कोठे ठेवली, म्हणजेच एखाद्या माणसाचे घर व कचेरी, ओळखणे शक्य होते. हा धोका टाळण्यासाठी २०२० च्या २.० आवृत्तीने प्रत्येक फेरीनंतर सायकलीचा क्रमांक बदलणे बंधनकारक केले.