फोन उघडून देणारी माणसं

लॉक विसरलेला फोन दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवला, की दुकानदार हल्ली आधी पैशांचं बोलत नाही. ‘आत काही महत्त्वाचं आहे का?’ असं विचारतो. ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर काम सोपं. ‘पोरीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत’ असं आलं तर तो फोन परत गिऱ्हाइकाकडे सरकवतो आणि घरी शांतपणे बसून आठवून बघायला सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी याच काउंटरवर हा प्रश्न सहसा निघत नसे. फोन उघडून मिळायचा, आतल्या सगळ्या ऐवजासकट.

फोनच्या कुलपाचा इतिहास लिहायचा तर दुसरी किल्ली कुणाकडे होती, हे शोधत जावं लागतं. ती आधी मोबाइल कंपनीकडे होती. मग दुकानदाराच्या हाती आली, काही वर्षं गूगल आणि ॲपलकडे राहिली, आणि शेवटी कुणाकडेच उरली नाही.

चार आकड्यांचा कोड मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी भिंतीत बसवलेलं, पैसे देणारं यंत्र सुरू केलं. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन हे जन्माने शिलाँगचे. आपला लष्करातला सहा आकडी क्रमांक त्यांना पाठ होता, म्हणून कोडही सहा आकडी ठेवावा असं त्यांच्या मनात होतं. पत्नी कॅरोलाइन यांनी सांगितलं की आपल्या लक्षात चारच आकडे राहतील. चारवर शिक्कामोर्तब झालं. ही हकीकत शेफर्ड-बॅरन यांनीच पुढे सांगितली. स्कॉटलंडचे अभियंते जेम्स गुडफेलो यांनी कार्ड आणि कोड या जोडीच्या पेटंटसाठी १९६६ मध्येच अर्ज केला होता, त्यामुळे श्रेयाचा वाद आहेच. पण माणसाला काय लक्षात राहील, हा विचार या कुलपाच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे, हे विसरून चालणार नाही. आणि बँकेचा कोड विसरला तरी खात्यातला पैसा जागच्या जागी असतो. बँक ओळख पटवून नवा कोड देते.

मोबाइलनेही सुरुवातीला हीच रीत उचलली. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तो दूरसंचारमंत्री सुखराम यांना लावला. त्या पिढीच्या फोनला दोन कुलपं असायची. एक सिमकार्डाचं. त्याचा पिन तीनदा चुकला की सिम बंद पडायचं आणि आठ आकडी ‘पक’ कोड मागायचं. तोही दहा वेळा चुकला तर कार्ड कायमचं निकामी. पण पक कोड कंपनीच्या दप्तरी असायचा. कस्टमर केअरला फोन करून नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली की तिकडून आकडे वाचून दाखवले जायचे. सिमकार्डाची व्यवस्था आजही अशीच आहे.

दुसरं कुलूप खुद्द फोनचं. नोकियाच्या फोनचा सिक्युरिटी कोड कारखान्यातून १२३४५ असा ठरलेला यायचा आणि अनेकांनी तो कधी बदललाच नाही. ज्यांनी बदलला आणि विसरले, ते दुकानात जायचे. मुंबईत मनीष मार्केट, दिल्लीत गफार मार्केट आणि तालुक्याच्या प्रत्येक बसस्टँडसमोरची दोन-चार दुकानं, इथे केबल आणि ‘बॉक्स’ घेऊन बसलेली पोरं हे काम करायची. बॉक्स म्हणजे संगणक आणि फोन यांच्या मध्ये जोडायचं छोटं यंत्र. त्यातून फोनमधला कोड वाचता यायचा, नाहीतर पुसून टाकता यायचा. मामला त्याहून बिघडलेला असेल तर ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ असं गिऱ्हाइकाला सांगितलं जायचं. या पोरांपैकी बहुतेकांनी हे ज्ञान कुठल्या संस्थेत घेतलेलं नव्हतं. शेजारच्या दुकानात बघून, हात घालून, दोन फोन बिघडवून ते शिकले. मोबाइल देशभर रुजला त्यात टॉवर उभारणाऱ्यांइतकाच या दुकानदारांचा वाटा आहे, आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली आहे.

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-वन, विक्रीला आला. त्याच्या कुलपाला आकडेच नव्हते. तीन ओळींत नऊ ठिपके, आणि त्यांवरून बोट न उचलता काढायची रेघ. हाच पॅटर्न. किमान चार ठिपके आणि बाकीचे नियम धरले तर असे ३,८९,११२ वेगवेगळे पॅटर्न निघतात, म्हणजे चार आकडी कोडच्या दहा हजारांच्या जवळपास चाळीसपट. प्रत्यक्षात माणसं फार थोडे वापरतात. नॉर्वेच्या मार्टे ल्योगे यांनी सुमारे चार हजार पॅटर्न तपासून २०१५ मध्ये दाखवलं की त्यांतले ४४ टक्के डावीकडच्या वरच्या ठिपक्यापासून सुरू होत होते. त्याआधी २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काचेवर उरलेल्या बोटाच्या तेलकट माखेवरून पॅटर्न ओळखून दाखवला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही हे कुलूप लावता येतं, हा मात्र त्याचा मोठा गुण.

पॅटर्न बोटांना पाठ असतो, डोक्याला नाही. म्हणून तो विसरण्याची तऱ्हाही वेगळी. रोज शंभरदा काढलेली रेघ एखाद्या दिवशी ‘कशी काढतो बरं आपण?’ असा विचार आला की हातातून निसटते. मग पाच चुका, तीस सेकंदांची थांबणूक, पुन्हा पाच चुका.

त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये याला दोन इलाज होते. पहिला गूगलने स्वतः दिलेला. चुका झाल्या की ‘पॅटर्न विसरलात?’ असं बटण यायचं, गूगल खात्याचा पासवर्ड दिला की नवा पॅटर्न ठेवता यायचा. कागदावर उत्तम सोय. आपल्याकडे तिचं घोडं दोन ठिकाणी अडायचं. मोबाइल डेटा बंद असेल तर फोन गूगलपर्यंत पोचायचाच नाही, आणि लॉक उघडल्याशिवाय डेटा सुरू करणं जमायचं नाही. दुसरं म्हणजे कितीतरी लोकांचं जीमेल खातं फोन विकणाऱ्यानेच दुकानात बसून उघडून दिलेलं असायचं. पासवर्ड त्याने काय ठेवला, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे आणि त्याला आठवत नसे.

दुसरा इलाज दुकानातला. अँड्रॉइडच्या त्या आवृत्त्या पॅटर्नची सांकेतिक नोंद ‘जेश्चर डॉट की’ नावाच्या एका फाइलमध्ये ठेवत. फोन रिकव्हरीतून चालू करून ती फाइल उडवली की लॉकचा पडदा दिसायचा, पण कुठलीही रेघ ओढली तरी उघडायचा. फोटो, मेसेज, नंबर सगळं शाबूत. हे काम जाणणारा माणूस दहा मिनिटांत गिऱ्हाइकाच्या हातात फोन ठेवायचा. पण जे मालकासाठी दहा मिनिटांत व्हायचं, ते चोरासाठीही तेवढ्याच वेळात व्हायचं. संशयी नवऱ्यासाठीही. फाइल उडवताना फोन कुणाचा आहे हे फोनला कळत नव्हतं. ते ओळखायची जबाबदारी दुकानदाराच्या इमानावर होती, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचा भार तिथे टाकणं बरोबर नव्हतं.

चोरीचा प्रश्न आधी पेटला तो अमेरिकेत. जून २०१३ मध्ये न्यूयॉर्कचे महाधिवक्ता एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी मोहीम उघडली. चोरलेला फोन चोराच्या उपयोगाचाच राहू नये, अशी सोय कंपन्यांनी द्यावी ही त्यांची मागणी. त्याच सप्टेंबरात ॲपलने आयओएस ७ मध्ये ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणलं. मे २०१४ मध्ये मिनेसोटाने आणि ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला. मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत गूगलचं उत्तर आलं, ते आपल्याकडच्या प्रत्येक मोबाइल दुकानात ‘एफआरपी’ या तीन अक्षरांनी ओळखलं जातं. बटणं दाबून फोन पूर्ण पुसला, तरी चालू होताना तो आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो.

इथून दुकानातला धंदा बदलला. ‘पॅटर्न तोडून मिळेल’ या पाटीच्या जागी ‘एफआरपी बायपास’ आली. कीबोर्डच्या सेटिंगमधून, अंधांसाठीच्या टॉकबॅक सुविधेतून कसंबसं ब्राउझरपर्यंत पोचायचं आणि तिथून आत शिरायचं, अशा वाटा शोधल्या गेल्या. गूगल एक वाट बुजवायचं, दुसरी सापडायची. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये या वाटा आणखी आवळल्या आहेत. पण या सगळ्या खटपटीतून मिळतो तो रिकामा फोन. आतलं सामान त्याआधीच गेलेलं असतं.

ते सामान मिळेनासं झालं त्याचं कारण एफआरपी नाही. ते कारण आहे एन्क्रिप्शन. जुन्या फोनमध्ये लॉक म्हणजे दारावरचं कुलूप होतं. दार बाजूला केलं की सामान समोर. नव्या फोनमध्ये प्रत्येक फोटो आणि मेसेज सांकेतिक रूपात साठवलेला असतो, आणि तो उलगडणारी किल्ली वापरणाऱ्याचा कोड व चिपमध्ये कोरलेला एक गुप्त क्रमांक यांच्या मिश्रणातून दर वेळी नव्याने तयार होते. कोड नसेल तर मेमरी चिप काढून दुसरीकडे जोडली तरी हाती निव्वळ कचरा येतो. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ आणताना ॲपलने जाहीर केलं की आता पासकोड असलेल्या फोनमधला ऐवज आम्हालाही काढता येणार नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून वेगवान फोनना एन्क्रिप्शनची सक्ती झाली. स्वस्त फोनना सूट होती, ती २०१९ च्या अँड्रॉइड १० ने काढली. आपल्या बाजारात स्वस्त फोनच जास्त विकले जातात, त्यामुळे जुनी युक्ती इथे बऱ्याच फोनांवर आणखी काही वर्षं चालली असणार.

आयफोन एक कोड तपासायला साधारण ८० मिलिसेकंद घेतो. या हिशेबाने चार आकडी सगळे दहा हजार कोड तेरा-चौदा मिनिटांत संपतात, सहा आकडी दहा लाख कोडना बावीस तास पुरतात. म्हणून चुकांमागे थांबणूक ठेवलेली असते, ती एक मिनिटापासून वाढत जाते. या थांबणुकीवरूनच २०१६ मध्ये अमेरिकेत मोठा खटला उभा राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोत चौदा माणसांना मारणाऱ्या हल्लेखोरांपैकी एकाचा आयफोन ५सी तपास यंत्रणेच्या ताब्यात होता, कोड सांगणारा मेला होता. थांबणूक आणि दहा चुकांनंतर पुसलं जाणं, या दोन्ही गोष्टी काढून टाकणारं सॉफ्टवेअर ॲपलने बनवून द्यावं, असा आदेश न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१६ रोजी दिला. ॲपलने नकार दिला. सुनावणीआधीच, २८ मार्चला, सरकारने खटला मागे घेतला, कारण तिसऱ्याच कुणीतरी फोन उघडून दिला होता. ऑस्ट्रेलियातल्या अझिमथ सिक्युरिटी या छोट्या कंपनीचं ते काम, असं वॉशिंग्टन पोस्टने २०२१ मध्ये छापलं.

सरकारला असे जाणकार गाठता आले. सामान्य माणसाला तो रस्ता बंद आहे. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्करचे पत्रकार ईव्हान ऑसनोस यांच्या तीन वर्षांच्या मुलाने घरातल्या आयपॅडवर चुकीचे कोड दाबत बसून असा घोळ केला, की पडद्यावर २,५५,३६,४४२ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा असा संदेश आला. ती अठ्ठेचाळीस वर्षं होतात. आयपॅड पुसूनच चालू करावा लागला.

आज कोड विसरायला बोटाचा ठसा आणि चेहरा यांचीही मदत होते. २०१३ च्या आयफोन ५एस पासून ठसा रुळला आणि कोड दाबायची वेळ क्वचितच येऊ लागली. फोन बंद करून चालू केला, किंवा काही तास-दिवस उलटले, की तो अचानक कोडच मागतो. सुरक्षिततेसाठी ते गरजेचं आहे. पण घरातल्या ज्या वयस्क माणसाने महिन्यापूर्वी नातवाकडून कोड ठेवून घेतला, त्याच्या तोंडचं पाणी नेमकं तिथे पळतं. फोनमध्ये बँक आहे, डॉक्टरचे रिपोर्ट आहेत, गेलेल्या माणसाचा आवाज आहे. एवढं सगळं चार-सहा आकड्यांच्या आठवणीवर टांगून ठेवणाऱ्यांनी आठवण दगा देते हेही हिशेबात धरायला हवं होतं, आणि ते त्यांनी फार उशिरा धरलं.

२०२३ च्या आयओएस १७ पासून कोड बदलल्यावर ७२ तासांपर्यंत जुना कोड चालवून नवा ठेवता येतो. नवा कोड ठेवून लगेच विसरणाऱ्यांची संख्या मोठी असावी, एवढं तरी या सोयीवरून कळतं. गूगलने एप्रिल २०१३ मध्ये, खातं ठरावीक महिने निपचित राहिलं तर त्यातला ऐवज कुणाला द्यायचा हे आधी ठरवून ठेवायची व्यवस्था केली. ॲपलची तशी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ सोय डिसेंबर २०२१ मध्ये आली. माणूस हयात असतानाच त्याने सेटिंगमध्ये जाऊन वारस नेमायचा. त्या वारसाला एक किल्ली मिळते, आणि तिच्यासोबत मृत्यूचा दाखला दिला की आयक्लाउडवर चढवलेले फोटो, नोंदी, मेसेज त्याच्या हाती येतात. ॲक्टिव्हेशन लॉकही काढून मिळतं. फोनचा स्वतःचा पासकोड मात्र या किल्लीनेही उघडत नाही. जे क्लाउडवर चढलं नव्हतं ते फोनबरोबरच पुसावं लागतं.